कामाशिवाय बीदर

आमच्या निर्ण्याचा माणूस बीदरला कशाला जातो, असे कुणी विचारले तर उत्तर एका शब्दात देता येते: कामाने. जमिनीचा उतारा, कोर्टाची तारीख, दवाखाना, मुलाचा कॉलेजातला प्रवेश, लग्नाचा बस्ता. मन्नाएखेळ्ळीला येऊन बीदरची गाडी धरायची, स्टँडवर उतरून रिक्षा करायची, कचेरीत रांगेला उभे राहायचे आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून धावत स्टँड गाठायचा. पुण्या-सोलापूरचे पाहुणे आले तर आम्ही त्यांना माणिकनगरला नेतो, गाणगापूरला नेतो, फारच झाले तर बसवकल्याणला. बीदर ‘दाखवायला’ नेलेले मी फार थोडे पाहिले. सारा जन्म या जिल्ह्यात काढून ज्यांनी किल्ल्याचा आतला दरवाजा ओलांडलेला नाही, अशी माणसे आमच्या गावात मोजायला गेले तर दोन्ही हातांची बोटे पुरणार नाहीत.

ही सवय आजची नाही. आपल्या जुन्या मराठी ग्रंथांत बीदर येते ते बोलावणे आलेले गाव म्हणूनच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा कोणत्या घरात ठाऊक नाही? दुष्काळात सरकारी कोठारे उघडली, धान्य लोकांना वाटले आणि बीदरच्या बादशहाचे शिपाई पंतांना धरून न्यायला आले. पंत वाटेवर असतानाच विठू महार होऊन विठ्ठल बीदरच्या दरबारात पोचला, रक्कम भरली, पावती घेतली आणि गुप्त झाला. म्हणजे देवसुद्धा बीदरला आला तो कामाने, आणि काम होताच निघाला! आमची रीत थेट त्याच्याशीच जुळते म्हणायची.

दुसरी कथा गुरुचरित्राच्या शेवटच्या अध्यायांतली. कुरवपूरच्या रजकाला श्रीपाद श्रीवल्लभांनी पुढच्या जन्मी राजेपणाचा वर दिला. तो वैदुरनगरीत, म्हणजे आपल्या बीदरला, यवन राजा झाला. त्याच्या मांडीवर स्फोटक उठले, वैद्यांनी हात टेकले, आणि तो श्रीगुरूंना शोधत गाणगापुरास आला. पुढे श्रीगुरू त्याच्याबरोबर निघाले खरे, पण वाटेत मिरवणूक मागे ठेवून आधीच येऊन बसले ते शहराबाहेर, पापविनाशी तीर्थावर. राजाने तेथे येऊन पुन्हा विनंती केली तेव्हाच ते नगरात शिरले. हे पापनाश आजही बीदरला आहे, शिवालय आहे, तळे आहे. त्या काळात बीदरच्या गादीवर दुसरा अलाउद्दीन अहमदशाह होता, आणि तो 1458 मध्ये पायाच्या जखमेने वारला, असे फेरिश्ता लिहितो. ग्रंथातले गळू आणि तवारिखेतली जखम एकच, असे शपथेवर मी म्हणणार नाही. पण दोन्ही वाचून पापनाशाच्या पायऱ्यांवर बसले की मन थोडे थबकते. याच सुलतानाने बीदरला मोठा दवाखाना बांधला होता आणि त्यात मुसलमान हकिमांबरोबर हिंदू वैद्यही नेमले होते. दवाखान्यासाठी बीदर गाठण्याची परंपराही, पाहा, साडेपाचशे वर्षांची निघाली.

मात्र त्याच शतकात काही माणसे बीदरला बघायला म्हणून आली, आणि ती आपल्याच मुलखातून आली. त्यांची वाट आधी सांगितली पाहिजे. 1453 च्या सुमारास इराणातल्या गिलानचा एक चाळिशी ओलांडलेला व्यापारी दाभोळ बंदरात उतरला आणि घाट चढून बीदरला आला. तो महमूद गवान. आला होता पाहुणा म्हणून, झाला बहमनी राज्याचा वजीर. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी, 1470 च्या आसपास, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. एक घोडा बरोबर आणला होता, तो विकून पैसे करायचे एवढाच बेत. चौल, पाली, मग जुन्नर. जुन्नरला पावसाळा काढला, तेथल्या किल्लेदाराने घोडा हिसकावला तो कसाबसा परत मिळवला, आणि महिनाभराची वाट तुडवून तो बीदरला पोचला. पुढे आपल्या आळंदच्या जत्रेचेही त्याने वर्णन केले आहे. त्या काळी तेथे घोड्यांचा मोठा बाजार भरे. (या निकितीनवर 1957 मध्ये ‘परदेसी’ नावाचा चित्रपट निघाला होता, नर्गिस आणि बलराज साहनी यांचा. आमच्या वडीलधाऱ्यांना तो आठवे. त्यातले शहर म्हणजे आपले बीदर, हे मात्र त्यांच्या ध्यानी नसे.)

निकितीनने लिहून ठेवले आहे की सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे आहेत. दारांवर शंभर पहारेकरी आणि शंभर हिंदू कारकून बसतात. काही जण आत जाणाऱ्याचे नाव लिहितात, काही बाहेर येणाऱ्याचे. परक्यांना आत सोडत नाहीत. रात्री कोतवालाचे हजार स्वार दिवट्या घेऊन शहरभर फिरतात. सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यांतली माणसे मात्र अगदी दीन आहेत, हेही त्याने न विसरता नोंदवले. मला त्या शंभर कारकुनांचे नेहमी कुतूहल वाटते. दौतीत लेखणी बुडवणाऱ्या त्या बोटांत एखाद्या तरी मराठी कुळकर्ण्याचे बोट नसेल, हे मला पटत नाही.

आता वाटांकडे वळू. बीदर हे चालत पाहायचे शहर आहे, आणि चालणे सुरू करायचे ते चौबाऱ्यापासून. किल्ल्यापासून नाही. रिक्षावाला पाहुण्याला थेट किल्ल्यात नेऊन सोडतो, तासाभराने परत आणतो, आणि पाहुण्याला वाटते बीदर झाले. बहमनी सुलतान पहिला अहमदशाह याने 1430 च्या आगेमागे गुलबर्गा (2014 पासून कलबुरगी) सोडून राजधानी येथे आणली, तेव्हा किल्ल्याच्या दक्षिणेला पेठांचे शहर वसले. त्याच्या मधोमध दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक किल्ल्याकडून दक्षिणेला फतेह दरवाजाकडे, दुसरा पूर्वेच्या मंगलपेठ दरवाजापासून पश्चिमेच्या शाहगंज दरवाजाकडे. छेदाच्या जागी चौबारा: गोल, जाड बुंध्याचा, 71 फूट उंच बुरूज, आत ऐंशी पायऱ्यांचा नागमोडी जिना. त्यावरून सारे पठार दिसत असे. पहाऱ्यासाठीच तो होता. आज त्यावर घड्याळ आहे. स्टँड शहराच्या पश्चिमेला असल्याने तेथून सरळ पूर्वेला निघाले की शाहगंज दरवाजातून आपण चौबाऱ्याशी येतो. वाट चुकली तर चौबारा विचारावा. मराठीत विचारा, ‘चौबारा यल्लि अद री?’ म्हणून कानडीत विचारा, दखनीत विचारा. उत्तर मिळते, आणि बहुधा ज्या भाषेत विचारले त्या भाषेत मिळत नाही. कानडीत विचारले की ‘सीधा जाव’ असे येते आणि हिंदीत विचारले की म्हातारबुवा ‘इकडून जावा’ म्हणतात.

चौबाऱ्याच्या चार बाजूंना शहराचे चार भाग पडतात, आणि त्या भागांत चार तालमी होत्या: सिद्दीक शहाची तालीम, नूरखानाची तालीम, मनियारांची तालीम, पनसाल तालीम. आजही पत्ता सांगताना माणसे तालमीचेच नाव घेतात. कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या पेठेत वाढलेल्या माणसाला हे नवे वाटणार नाही. मोहल्ला तालमीवरून ओळखायचा, मोहरमला आणि गणपतीला पोरे तेथूनच निघायची. शब्दही तोच. अरबीतला हा शब्द मूळचा शिक्षणाचा. दख्खनच्या मातीत तो लाल मातीचा आखाडा झाला, बीदरला झाला तसाच कोल्हापूरला. सीमा कुठून काढायची ती काढा, पण या शब्दावरून काढता येत नाही.

शहराच्या वाटा राज्यांपेक्षा चिवट असतात, याचे उदाहरण पार स्पेनमध्येही आहे. तोलेदो हे टेकडीवरचे जुने शहर. 1085 मध्ये ते अरबी राजवटीकडून ख्रिस्ती राजाकडे गेले. तेथल्या मुख्य चौकाला लोक आजही सोकोदोवेर म्हणतात. हा मूळ अरबी शब्द, अर्थ गुराढोरांचा बाजार. सव्वानऊशे वर्षे झाली, बाजार उठला, ती भाषाही गल्लीतून गेली. परक्या प्रवाशाला वाट मात्र त्याच नावाने सांगतात. बीदरचेही तसेच. बहमनींनी याला मुहम्मदाबाद म्हटले. 1657 मध्ये औरंगजेबाने सिद्दी मर्जानच्या हातून किल्ला घेतला आणि जफराबाद नाव दिले. कागदांवर चालले. बाजारात बीदर ते बीदरच राहिले. नाव विदुरावरून आले म्हणावे की बांबूच्या कानडी ‘बिदिरु’वरून, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर तासभर वाद चालतो, दोन्ही बाजूंना तो आवडतो, म्हणून मी निकाल देत नाही.

दरवाजांच्या नावांवर मात्र थांबावेसे वाटते. शहराचा आजचा तट बरीदशाही अमलातला, अली बरीदाने 1555 ते 1558 या काळात बांधलेला. त्याचे पाच दरवाजे: शाहगंज, फतेह, मंगलपेठ, दुल्हन, तळघाट. गंज म्हणजे धान्याचा बाजार, हे आपल्याला सांगावे लागत नाही. फतेह म्हणजे विजय. दुल्हन म्हणजे नवरी. तळघाट उत्तरेला, जेथून पठाराची कड संपून वाट खाली उतरते. हे नाव ऐकताच मराठी कान ओळखतो. मंगलपेठेत तर पेठच आहे. एका तटात एवढ्या भाषा सुखाने नांदतात, आणि आपण तिठ्यावरच्या पाटीच्या अक्षरांवरून भांडत आलो.

पश्चिमेकडून बाहेर पडणारा रस्ता उदगीरचा. 1956 पर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला निजामी राज्याचे तुकडे झाले, हे तीन तालुके मुंबई राज्यात गेले, पुढे महाराष्ट्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. जहिराबाद आणि नारायणखेड तेलुगू मुलखात गेले. आमच्या घरात एका आत्याचे सासर या रेघेच्या पलीकडे गेले. तिला तोवर कचेरीच्या कामाला बीदरला यावे लागे, आणि त्या निमित्ताने ती माहेरी डोकावे. जिल्हा बदलला, काम उस्मानाबादला गेले, आणि माहेरचे येणे वर्षावर गेले. तिने बीदर नंतर कधी पाहिले नाही. ‘पाहायला’ म्हणून यावे, असे तिच्याही मनात आले नाही आणि आमच्याही. याच उदगीर रस्त्यावर, शहराच्या पश्चिमेला, अली बरीदाची कबर आहे. चारही बाजूंनी उघडी, वारा आरपार जाणारी, 1577 च्या सुमारास पुरी झालेली. स्टँडवर गाडीची वाट पाहत तासभर बसणाऱ्याला ती पायी गाठता येते.

चौबाऱ्यावरून उत्तरेला, किल्ल्याच्या दिशेने निघावे. उजव्या-डाव्या बाजूंना बिदरी कामाची दुकाने लागतात. जस्त आणि तांब्याच्या मिश्र धातूवर चांदीची तार ठोकून, मग किल्ल्यातल्या जुन्या मातीत नवसागर मिसळून भांडे काळे करायचे, अशी ही कला. या कामासाठी शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. थोडे पुढे तख्त-ए-किरमानीची कमान, आणि मग एकदम समोर महमूद गवानचा मदरसा उभा राहतो.

येथे घाई करू नये. 205 फूट लांब, 180 फूट रुंद, तीन मजली, मध्ये चौक. 1472 मध्ये पुरा झाला. व्याख्यानाच्या खोल्या, मशीद, विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या राहण्याच्या खोल्या, आणि तीन हजार ग्रंथांचे पुस्तकालय होते असे सांगतात. दर्शनी बाजूला दोन मिनार होते. एक उरला आहे, 131 फुटांचा, आणि त्याच्या अंगावर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या फरशांची नागमोडी नक्षी अजून लखलखते. दुसरा मिनार आणि अर्धी दर्शनी बाजू गेली. मोगली अमलात या विद्येच्या घरात बंदुकीची दारू साठवली होती, आणि 1696 मध्ये तिचा स्फोट झाला. आपल्या देशात शाळांच्या इमारतींना सरकारने इतर कामांना लावण्याची रीत जुनी आहे, एवढेच म्हणतो.

ज्याने हा बांधला त्याचे काय झाले? गवानने कोकणची मोहीम केली, खेळणा म्हणजे विशाळगड घेतला, 1472 मध्ये गोवा घेतले, जमिनीची मोजणी करून सुभ्यांची नवी वाटणी केली. दरबारात परदेशी आणि दखनी असे दोन तट होते, आणि तो दोघांचा तोल सांभाळत होता. दखनी सरदारांनी त्याच्या शिक्क्याचा कागद मिळवला, त्यावर ओरिसाच्या राजाला उद्देशून फितुरीचे खोटे पत्र लिहिले आणि सुलतानापुढे ठेवले. 5 एप्रिल 1481 रोजी सत्तरीच्या घरातल्या या वजिराचे डोके उडवले गेले. नंतर त्याचा खजिना तपासला तर स्वतःसाठी ठेवलेले फारच थोडे निघाले. ‘बाहेरचा’ आणि ‘इथला’ या भांडणात बीदरने आपला सर्वांत कर्ता माणूस घालवला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले. त्याची कबर शहराच्या दक्षिणेला गोरनळ्ळीजवळ, साध्या चौथऱ्यावर आहे. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही.

मदरशापासून किल्ला पायी फार लांब नाही. शहराच्या बाजूने खडकात कोरलेला तिहेरी खंदक लागतो. जांभ्या दगडाचे पठार, म्हणून तो कोरता आला. तटाचा घेर सव्वादोन मैलांहून मोठा, 37 बुरूज. शर्जा दरवाजावर 1503 सालचा लेख आहे आणि दोन वाघ कोरले आहेत. नंतर गुंबद दरवाजा. आजही लोक किल्ल्याचे दरवाजे सातच मोजतात. आत सोळा खांबी मशीद, 1423-24 ची, बीदरमधली सर्वांत जुनी; तख्त महालाच्या कमानीवर फरशीतला वाघ आणि त्याच्या पाठीवरचा सूर्य. रंगीन महालाला बहुधा कुलूप असते. पुरातत्त्व खात्याचे लोक जुन्या शाही हमामातल्या वस्तुसंग्रहालयात भेटतात, त्यांना नीट विचारले तर उघडून दाखवतात. काळ्या दगडात बसवलेले शिंपल्याचे तुकडे पाहिल्याशिवाय परतू नये. आत अंधार असतो, म्हणून डोळे सरावेपर्यंत उभे राहावे. निकितीनला ज्या दारांतून आत सोडले नाही त्या दारांतून आता कुणीही जातो, आणि नाव लिहून घ्यायला कारकून नाही.

पाण्याच्या वाटा राहिल्या. सव्वादोन हजार फूट उंचीच्या या पठारावर एवढ्या मोठ्या शहराला पाणी कुठून मिळाले? जांभा पाणी पितो, त्याखालचा काळा कातळ ते अडवतो. जेथे दोन्ही भेटतात तेथे झरा फुटतो. नानक झिरा असाच. गुरू नानकांच्या नावाने तेथे गुरुद्वारा आहे, आणि पंचप्याऱ्यांतले भाई साहिबसिंग बीदरचेच. नरसिंह झरणीत कमरेएवढ्या पाण्यातून बोगद्यात चालत जाऊन दर्शन घ्यावे लागते; आमच्याकडची मंडळी कामाशिवाय बीदरला जातात ती एवढ्या एका जागी, देवाच्या निमित्ताने. आणि नौबादला जमिनीखालून खणून काढलेला कारेज आहे, इराणी रीतीचा, बहमनी काळातला. वर विहिरीसारखी तोंडे, खाली उताराने वाहणारा पाट. लोक त्याला सुरंग बावी म्हणतात. गाळाने बुजलेला हा पाट 2015 च्या सुमारास उपसला, तेव्हा आतून पाणी पुन्हा वाहू लागले.

शेवटी अष्टूर. चौबाऱ्यावरून पूर्वेला, दुल्हन दरवाजातून बाहेर पडावे, म्हणजे मधल्या वाटेवर हजरत खलीलुल्लांची अष्टकोनी चौखंडी दिसते, आणि पुढे शेतांत बहमनी सुलतानांचे घुमट ओळीने उभे. हुमायूनचा घुमट वीज पडून उभा चिरला आहे. त्याच्या आतली पोकळी, जाडी, विटांचे थर, सारे उघडे. शेजारी 1436 मध्ये वारलेल्या अहमदशाह वलीची कबर. आतल्या छतावर सोनेरी आणि लाल रंगांतली अक्षरे. या सुलतानाला मुसलमान ‘वली’ म्हणतात आणि लिंगायत आपला मानतात. त्याचा उरूस होळीच्या सुमारास, हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो, आणि त्यासाठी कलबुरगीकडचे जंगम आपल्या मंडळींसह पायी चालत येतात. नारळ फुटतो, फातेहाही पढला जातो. 2017 मध्ये कलबुरगी-बीदर लोहमार्ग हुमनाबादवरून सुरू झाला. जंगम मात्र अजून रस्त्यानेच येतात. त्या दिवशी अष्टूरला गेले तर परतीच्या गाडीची फिकीर करू नये. रात्री उशिरापर्यंत शहराकडे जाणारी माणसे वाटेवर असतात, आणि त्यांच्यामागून चालत गेले की दुल्हन दरवाजा आपोआप येतो.